मातीचा किल्ला

'किल्ला' हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो काळा कातळ. तासलेले कडे, घडीव चिऱ्यांचे बुरूज, उंबरठा झिजलेला महादरवाजा आणि माथ्यावरची पाण्याची टाकी. किल्ला म्हणजे दगड, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, दगडावाचून किल्ला असू शकतो ही कल्पनाच आपल्याला चमत्कारिक वाटते. परंतु युरोपच्या इतिहासात असे शेकडो किल्ले होऊन गेले की ज्यांना एकही चिरा लागला नव्हता. खंदक खणावयाचा, त्यातून निघालेली माती एके ठिकाणी रचून तिचे टेकाड करावयाचे, टेकाडाच्या माथ्यावर लाकडी बुरूज उभारावयाचा आणि भोवती मेढेकोट ठोकावयाचा, की झाला किल्ला! अकराव्या शतकात फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मन लोकांनी अशाच मातीच्या किल्ल्यांच्या बळावर इंग्लंडसारखा देश आपल्या मुठीत ठेवला.

त्या किल्ल्यांचे लाकूड केव्हाच जळून वा कुजून गेले. ज्यांनी ते बांधले आणि ज्यांच्या उरावर ते बांधले, ते दोघेही गेले. माती मात्र साडेनऊशे वर्षांनंतरही जागच्या जागी आहे. इंग्लंडमध्ये अशी सहाशेहून अधिक टेकाडे नोंदली गेली आहेत आणि त्यांपैकी बहुतेक आज कायद्याने संरक्षित स्मारके आहेत. वरवर पाहता हा एक गवताळ उंचवटा असतो. त्यावर शिल्प नाही, शिलालेख नाही, पाहणाऱ्याला थक्क करील असे काहीच नाही. मग मातीच्या ढिगाला स्मारकाचा मान कशासाठी? आणि मान दिला तरी माती जपावयाची कशी? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणादाखल उत्तर इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या मध्यभागी असलेले टेकाड घेऊ. 'क्लिफर्डचा बुरूज' या नावाने ते प्रसिद्ध आहे.

टेकाडाची रचना

या प्रकारच्या किल्ल्याचे दोन भाग असत. पहिला भाग म्हणजे उंच टेकाड. त्याला 'मॉट' म्हणत. हा किल्ल्याचा बालेकिल्लाच समजावा. दुसरा भाग म्हणजे त्याच्या पायथ्याशी खंदकाने व मेढेकोटाने वेढलेले आवार, ते 'बेली'. आवारात शिबंदीची घरे, घोड्यांच्या पागा, कोठार, स्वयंपाकघर, लोहाराची भट्टी, प्रार्थनामंदिर असा सारा संसार असे. शत्रू आवारात घुसला तर टेकाडावरच्या बुरुजाचा आश्रय घ्यावयाचा, अशी ही योजना होती.

टेकाड म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. ढीग टाकला तर पहिल्या पावसाळ्यातच तो ओघळून जाईल. म्हणून चिकणमाती, मुरूम, दगडगोटे, हरळीची ढेकळे असे निरनिराळे थर एकावर एक देऊन ते चोपत चोपत वर न्यावे लागत. बायो येथील सुप्रसिद्ध भरतकामाच्या पट्टीवर नॉर्मन विजयाची कथा सुईदोऱ्याने चितारली आहे. तीत हेस्टिंग्ज येथे किल्ला बांधला जात असल्याचे एक दृश्य आहे. फावडी घेतलेले मजूर माती वर फेकीत आहेत आणि टेकाडाच्या अंगावर रंगीत पट्टे दाखविले आहेत. हे पट्टे म्हणजे मातीचे थर असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच दृश्यात दोन मजूर हातातील फावड्यांनी एकमेकांशी भांडत असल्याचेही दिसते! राजाच्या विजयगाथेत मजुरांचे हे भांडण कोणा कारागिराला टिपून ठेवावेसे वाटले, ही गंमतच म्हणावयाची.

या किल्ल्याचे खरे सामर्थ्य त्याच्या वेगात होते. दगडी किल्ल्यास वर्षानुवर्षे लागतात, कसबी पाथरवट लागतात, चुना लागतो. मातीच्या किल्ल्यास लागतात ती फक्त माणसे आणि फावडी. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जची लढाई जिंकून विल्यमने इंग्लंडचा मुकुट मिळविला खरा. परंतु त्याच्यापाशी होते काही हजार सैनिक, आणि राज्य करावयाचे होते पंधरा-वीस लाखांच्या परक्या प्रजेवर. लढाई जिंकणे वेगळे आणि देश ताब्यात ठेवणे वेगळे. नदीचे उतार, रस्त्यांचे फाटे, मोठी शहरे अशा नाक्याच्या जागा हेरून त्याने नि त्याच्या सरदारांनी तेथे टेकाडे उभारण्याचा सपाटा लावला. इंग्लंडमध्ये असे किल्ले फारसे नव्हते आणि म्हणूनच तेथील लोक शूर असूनही प्रतिकारात उणे पडले, असा अभिप्राय ऑर्डेरिक व्हायटालिस या बाराव्या शतकातील इतिहासकाराने नोंदविला आहे. तो इंग्लंडमध्ये जन्मला आणि नॉर्मंडीच्या मठात वाढला, म्हणून त्याच्या या अभिप्रायाला विशेष वजन आहे.

घरे पाडून बांधलेले उंचवटे

शहरात किल्ला बांधावयाचा म्हणजे मोकळी जागा हवी, आणि शहरात मोकळी जागा असते कोठे? ती करावी लागते. इ. स. १०८६ मध्ये विल्यमच्या आज्ञेने सबंध राज्याची जी महसुली पाहणी झाली, ती 'डूम्सडे बुक' या नावाने ओळखली जाते. सारा कोणाकडून किती यावयाचा, याचा हा कोरडा हिशेब. परंतु कोणत्या घरांकडून सारा येणे बंद झाले हे सांगताना कारकुनांना त्याचे कारणही लिहावे लागले, आणि तेथे किल्ले डोकावतात. लिंकन शहरात किल्ल्यासाठी १६६ घरे गेल्याची नोंद आहे. श्रूजबरीत ५१ घरे गेली. यॉर्क शहराचे सात भाग होते. त्यांपैकी एक सबंध भाग किल्ल्यांपायी उजाड झाला.

ती घरे कोणाची होती, ती माणसे पुढे कोठे गेली, याविषयी ही वही मुकी आहे. मात्र एवढे खरे की, ज्यांची घरे पाडली त्यांना, किंवा त्यांच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांना, त्याच जागी माती वाहावी लागली असणार. आज आपण ज्याला रम्य हिरवे टेकाड म्हणतो, ते त्या काळच्या यॉर्ककरांच्या दृष्टीने रोज उठून पाहावी लागणारी दहशत होती. शहराच्या कोणत्याही गल्लीतून मान वर केली की दिसावा, म्हणूनच तो उंच बांधला होता.

यॉर्कची दोन टेकाडे

यॉर्क हे उत्तर इंग्लंडचे मुख्य शहर. रोमन लोकांची छावणी, पुढे व्हायकिंगांचे राज्य, असा त्याचा इतिहास. दक्षिणेकडील राजाला ते सहजी मान तुकवीत नसे. विल्यम १०६८ मध्ये प्रथम यॉर्कवर चालून आला आणि त्याने तेथे एक किल्ला उभारला. ऊज आणि फॉस या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आज जे टेकाड दिसते, ते हेच असे सामान्यतः मानतात. पुढच्याच वर्षी वसंतात शहराने बंड केले. विल्यम तातडीने परतला, बंड मोडले, आणि दुसरा किल्ला उभारला. ऑर्डेरिक सांगतो की, राजाने यॉर्कमध्ये आठ दिवस मुक्काम केला आणि तेवढ्यात हा किल्ला उभा राहिला. ऊज नदीच्या पलीकडच्या तीरावर 'बेल हिल' नावाचे झाडांनी झाकलेले टेकाड आजही आहे. तेच दुसऱ्या किल्ल्याचे ठिकाण समजले जाते. एका शहरात एकाच राजाने दोन वर्षांत दोन किल्ले बांधावेत, यावरूनच त्या शहराची त्याला केवढी धास्ती होती हे ध्यानात येते.

तरीही १०६९ च्या सप्टेंबरात डेन्मार्कचे आरमार आले आणि बंडखोर इंग्रज त्याला मिळाले. शत्रू आसपासच्या घरांचे वासे खंदकात टाकून ते बुजवील या भीतीने नॉर्मन शिबंदीने जवळची घरे पेटविली. आग भडकली आणि तीत शहराचा मोठा भाग व मुख्य प्रार्थनामंदिर जळाले. दोन्ही किल्ले पडले. यानंतर विल्यमने जो सूड घेतला त्याला इंग्लंडच्या इतिहासात तोड नाही. १०६९-७० च्या हिवाळ्यात त्याच्या फौजांनी उत्तरेकडील गावे जाळली, धान्य, अवजारे आणि गुरेढोरे नष्ट केली. तलवारीतून वाचले ते उपासमारीने मेले. इतर बाबतींत विल्यमची स्तुती करणारा ऑर्डेरिकदेखील या कृत्याचे समर्थन करू शकला नाही. किल्ले मात्र पुन्हा बांधून झाले. १९०२-०३ मध्ये यॉर्कच्या टेकाडाचा पाया बळकट करण्याचे काम चालू असता माथ्याखाली खोलवर जळक्या लाकडाचे अवशेष मिळाले. एका आगीवर माती पडली होती आणि त्या मातीवर पुन्हा किल्ला उभा राहिला होता.

इ. स. ११९०

या टेकाडाच्या आठवणींत सर्वांत काळी आठवण १६ मार्च ११९० ची आहे. यॉर्कमध्ये त्या काळी ज्यू लोकांची लहानशी वस्ती होती. व्याजाने पैसे देणे ख्रिस्ती धर्माने निषिद्ध मानलेले. त्यामुळे सावकारीचा व्यवहार बव्हंशी ज्यूंकडे आला होता, आणि त्यांच्याकडून मिळणाऱ्या करापोटी राजा त्यांना आपल्या छत्राखाली ठेवीत असे. धर्मयुद्धाची हवा तापली होती. ११८९ मध्ये पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाच्या वेळी लंडनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले होते. पुढे राजा देशाबाहेर गेला आणि यॉर्कमध्येही हे लोण पोहोचले. जमावाच्या पुढाऱ्यांत काही सरदार असे होते की जे स्वतःच ज्यू सावकारांचे कर्जदार होते. धर्माच्या आवेशाला कर्जबुडवेपणाची अशी साथ मिळाली.

जीव वाचविण्यासाठी ज्यू कुटुंबे राजाच्या किल्ल्यात, टेकाडावरच्या लाकडी बुरुजात शिरली. किल्लेदार काही कामासाठी बाहेर गेला. तो परत येऊन आपल्याला जमावाच्या हाती देईल या संशयाने आतल्यांनी त्याला दार उघडले नाही. मग सरकारी फौजच बुरुजाला वेढा घालून बसली आणि तिच्याभोवती जमाव. सुटकेची आशा उरली नाही तेव्हा आतल्या बहुतेकांनी एकमेकांच्या हातून मरण पत्करले आणि बुरुजाला आग लावली. धर्मांतर केल्यास अभय मिळेल या वचनावर विसंबून जे थोडे बाहेर आले, त्यांना तेथेच कापून काढण्यात आले. मृतांची संख्या सुमारे दीडशे सांगतात. यानंतर जमाव मोठ्या प्रार्थनामंदिराकडे धावला आणि तेथे ठेवलेले कर्जरोखे त्याने जाळून टाकले. धर्मरक्षणाचे काम असे कर्जरोख्यांच्या होळीने संपले! शंभर वर्षांनी, १२९० मध्ये, पहिल्या एडवर्डने ज्यूंना इंग्लंडमधून हद्दपार केले.

यॉर्कच्या टेकाडाच्या पायथ्याशी या घटनेचे स्मरण देणारा एक साधा शिलापट्ट आहे. तो बसला १९७८ मध्ये, म्हणजे घटनेनंतर तब्बल ७८८ वर्षांनी. टेकाड आजवर टिकले नसते तर तो पट्ट बसवावयाचा कोठे?

दगड आला, दगड फुटला

जळालेला बुरूज पुन्हा लाकडाचाच बांधला गेला. तो १२२८ मध्ये वादळाने पाडला. १२४५ पासून तिसऱ्या हेन्रीने टेकाडावर दगडी बुरूज बांधावयास घेतला. चार पाकळ्यांच्या फुलासारखा त्याचा आराखडा आहे. इंग्लंडमध्ये या आकाराचा दुसरा बुरूज नाही. आज आपण पाहतो तो हाच. परंतु मातीच्या रचलेल्या टेकाडावर दगडाचे एवढे ओझे टाकल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. चौदाव्या शतकातच माती खचली आणि भिंती वरपासून खालपर्यंत तडकल्या. त्या भेगा आजही दिसतात.

पुढची कथा ही ऱ्हासाची कथा आहे. १५९६ मध्ये किल्ल्यातील तुरुंगाचा अधिकारी रॉबर्ट रेडहेड हा बुरुजाचे दगड काढून चुन्याच्या भट्टीसाठी विकू लागला. तेव्हा यॉर्कच्या नगरपित्यांनी वरपर्यंत तक्रार नेली आणि ही तोड थांबविली. लष्करी दृष्ट्या बुरुजाचा उपयोग तेव्हा जवळजवळ संपलेला होता. शहराच्या शोभेची वस्तू म्हणून तो राहावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या टेकाडासाठी पूर्वजांची घरे पाडली गेली, ते पाचशे वर्षांनी वंशजांना 'आपले' वाटू लागले होते. स्मारकाचा जन्म कायद्याने होतो असे आपण समजतो. पण खरा जन्म होतो तो असा, लोकांच्या मनात.

सतराव्या शतकातील यादवी युद्धात बुरुजावर पुन्हा तोफा चढल्या. २३ एप्रिल १६८४ च्या रात्री आत आग लागली. लाकडी छत व मजले जळाले आणि उरले ते भिंतींचे कवच. अठराव्या शतकात हे टेकाड शेजारच्या घराच्या बागेतील शोभेचा उंचवटा होऊन बसले. एकोणिसाव्या शतकात तेथे नवा तुरुंग झाला आणि टेकाडाचा पायथा छाटून त्याला भिंतीने आवळण्यात आले. १९१५ मध्ये ते सरकारी देखभालीखाली आले. १९३५ च्या सुमारास तुरुंग पाडला, ती भिंत काढली आणि छाटलेल्या पायथ्याशी भर घालून टेकाडाला पूर्वीसारखा आकार दिला. म्हणजे आज दिसणाऱ्या टेकाडाची काही माती अकराव्या शतकातील, तर काही विसाव्या शतकातील आहे. ही बाब पुढे महत्त्वाची ठरली.

कायद्याचे कुंपण

जुन्या वास्तू जपण्याचा ब्रिटनमधील पहिला कायदा १८८२ चा. त्याचा जनक जॉन लबक हा पेढीवाला, खासदार आणि पुरातत्त्वाचा व्यासंगी होता. त्याने १८७३ मध्ये प्रथम मांडलेले विधेयक मंजूर व्हावयास नऊ वर्षे लागली, कारण 'माझ्या शेतातल्या दगडाला हात लावू नको असे सांगणारे सरकार कोण?' हा जमीनदारांचा सवाल होता. परिणामी कायदा झाला तो अगदी मवाळ. त्याच्या यादीत सत्तरच्या आत स्मारके होती, बहुतेक प्रागैतिहासिक. आणि मालकाने राजीखुशीने दिल्याशिवाय सरकारला स्मारक ताब्यात घेता येत नसे.

या कायद्याला दात आले ते १९१३ मध्ये, आणि येथे आपल्या देशाचा संबंध येतो. लॉर्ड कर्झन यांची कारकीर्द हिंदुस्थानात वंगभंगासाठी कुप्रसिद्ध आहे. परंतु प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा १९०४ चा कायदा त्यांच्याच काळातला, हेही विसरता येत नाही. त्या कायद्याच्या व्याख्येत इमारती व लेणी यांच्याबरोबर मातीच्या प्राचीन टेकाडांचाही समावेश होता. मायदेशी परतल्यावर १९११ मध्ये कर्झन यांनी लिंकनशायरमधील टॅटरशॉलचा किल्ला विकत घेतला, कारण त्यातील कोरीव शेकोट्या उपटून परदेशी विकण्याचा घाट घातला गेला होता. पुढे १९१३ च्या कायद्यासाठी वरिष्ठ सभागृहात त्यांनी जोराने बाजू मांडली. राज्यकर्त्यांच्या देशात खाजगी मालकीच्या स्मारकांना सक्तीचे संरक्षण मिळाले ते असे, हिंदुस्थानातील कायद्यानंतर नऊ वर्षांनी.

आज इंग्लंडमध्ये १९७९ चा कायदा लागू आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके एका सूचीत नोंदली जातात; अशी सुमारे २०,००० स्मारके आहेत. सूचीत नाव आले म्हणून मालकी बदलत नाही. टेकाड शेतकऱ्याचे असेल तर ते त्याचेच राहते. पण तेथे खणणे, भर घालणे, बांधणे वा पाडणे यांपैकी काहीही करण्यास मंत्र्यांची लेखी परवानगी लागते. परवानगीवाचून केलेले काम हा फौजदारी गुन्हा ठरतो. जमिनीतील धातू शोधण्याचे यंत्र घेऊन तेथे फिरण्यासही मनाई आहे. २०१५ पासून कामाची वाटणी झाली असून सूची व परवानगीविषयक सल्ला 'हिस्टॉरिक इंग्लंड' ही संस्था देते, तर यॉर्कच्या बुरुजासारख्या वास्तूंची देखभाल 'इंग्लिश हेरिटेज' हा धर्मादाय न्यास करतो.

माती जपणे

दगडाचे शत्रू डोळ्यांना दिसतात. मातीचे शत्रू गरीब गायीसारखे असतात. टेकाडावर आपोआप उगवलेले झाड कोणाला शत्रू वाटेल? परंतु त्याची मुळे आतले थर फोडीत जातात, आणि वादळात ते उन्मळले की मुळांबरोबर गाडाभर इतिहास उपटून येतो. ससे बिळे करतात. बिज्जू या प्राण्याची बिळे तर फारच खोल. पण इंग्लंडमध्ये बिज्जूलाही १९९२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. एका संरक्षिताने दुसऱ्या संरक्षिताला पोखरले तर कोणाची बाजू घ्यावी? अधिकाऱ्यांना तेथेही परवाने काढून, जाळ्या अंथरून मधला मार्ग शोधावा लागतो. ओल्या दिवसांत जड गुरे चढली की उतार घसरतो. म्हणून हलक्या मेंढ्या बऱ्या. आणि सर्वांत प्रेमळ शत्रू म्हणजे पाहुणा. शंभर पावलांनी जी पाऊलवाट होते, तिचाच लाख पावलांनी ओहळ होतो. यासाठी टेकाडावर ठराविक पायऱ्या करतात आणि इतरत्र घट्ट मुळांचे गवत राखतात. गवत हेच मातीच्या किल्ल्याचे खरे चिलखत होय.

नांगराची गोष्ट आणखी निराळी. पूर्वापार नांगरल्या जाणाऱ्या जमिनीत त्याच खोलीपर्यंत नांगरट चालू ठेवण्याची मुभा कायद्याने काही अटींवर दिलेली आहे. त्यामुळे टेकाड वाचते. पण त्याच्या पायथ्याचे आवार, जेथे माणसे प्रत्यक्ष राहत होती, ते अनेक ठिकाणी हळूहळू झिजत जाते.

पोटात काय आहे?

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर अलीकडच्या काही संशोधनांनी दिले आहे. वेल्सच्या सरहद्दीवर हेन डोमेन नावाचे टेकाड आहे. रॉजर द माँगमरी या नॉर्मन सरदाराने १०७० च्या सुमारास ते उभारले. फिलिप बार्कर यांनी तेथे १९६० मध्ये खोदकाम सुरू केले आणि ते १९९२ पर्यंत, बत्तीस वर्षे चालले. घाईने खंदक न मारता, ब्रशाने आणि लहान थापीने एकेक थर उलगडीत त्यांनी लाकूड कुजून उरलेल्या नुसत्या डागांवरून भिंती, खांब आणि घरे ओळखली. मोकळे मैदान समजले जाणारे आवार दाटीवाटीने बांधलेले होते, आणि एकामागून एक अनेक वेळा नव्याने बांधले होते, असे दिसून आले. लाकडाचा किल्ला म्हणजे चार दिवसांची सोय, ही जुनी समजूत त्यामुळे मोडली.

याहून मोठा धक्का विल्टशायरमधील मार्लबरो येथे बसला. तेथील एका महाविद्यालयाच्या आवारात सुमारे १९ मीटर उंचीचे टेकाड आहे. नॉर्मन किल्ल्याचे टेकाड म्हणूनच ते प्रसिद्ध होते. २०१० मध्ये त्यातून बारीक नळीने मातीचे उभे नमुने काढले. त्यांतील कोळशाचा कार्बन पद्धतीने काल ठरविला, तेव्हा तो निघाला इ. स. पूर्व २४०० च्या आसपासचा! नॉर्मन लोकांनी केवळ त्याचा उपयोग करून घेतला होता; रचणारे हात त्यांच्या सुमारे साडेतीन हजार वर्षे आधीचे होते. काही वर्षांनी यॉर्कशायरमधील स्किप्सीच्या टेकाडाची अशीच तपासणी झाली आणि तेही लोहयुगातील, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे ठरले.

या शोधांतून जो बोध मिळतो तो मला फार मोलाचा वाटतो. ही दोन्ही टेकाडे 'नॉर्मन किल्ला' म्हणून जपली गेली. म्हणजे जपण्याचे कारण अपुरे होते, परंतु जपले म्हणून खरे कारण कळले.  अर्थात, संरक्षण म्हणजे केवळ ठाऊक असलेल्या इतिहासाचे जतन नव्हे. आपल्याला जे प्रश्न अजून सुचलेलेच नाहीत, त्यांची उत्तरे पुढच्या पिढ्यांसाठी शाबूत ठेवणे हाही त्याचा अर्थ आहे. दगडावर लिहिलेले वाचता येते. मातीत लिहिलेले वाचण्यासाठी ती एकदाच उकरता येते. उकरली की पुस्तकाचे पान फाटले.

रक्षण कोणापासून?

पुन्हा यॉर्ककडे वळू. टेकाडाच्या पायथ्याशी मोटारी उभ्या करण्याचे मोठे मैदान होते. त्या परिसरात मोठे व्यापारी संकुल उभारण्याची योजना पुढे आली. सार्वजनिक चौकशीनंतर २००३ मध्ये सरकारने ती नामंजूर केली. २०१६ मध्ये निराळाच पेच उभा राहिला. या वेळी नवे बांधकाम सुचविणारी संस्था होती खुद्द स्मारकाची राखणदार! टेकाडाच्या पायथ्यात खाच घेऊन पाहुण्यांसाठी तिकीटघर, माहितीकक्ष, उपाहाराची सोय असे केंद्र बांधावयाचे, अशी इंग्लिश हेरिटेजची योजना होती. पायथ्याची ती माती १९३५ ची आहे, मध्ययुगातील नव्हे, तेव्हा इतिहासाची हानी नाही, असा तिचा युक्तिवाद. नगरपालिकेने परवानगी दिली. नागरिकांनी विरोध केला. टेकाडाचे एकसंध हिरवे अंग हेच त्याचे स्वरूप आहे, आणि ११९० च्या बळींच्या स्मृतिस्थळी उपाहारगृह शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये उच्च न्यायालयात त्यांना यश आले नाही. तरी विरोध मावळला नाही आणि २०१८ मध्ये संस्थेने योजना मागे घेतली.

दोन्ही बाजूंना आपापले तथ्य होते. पाहुणे आले नाहीत तर पैसा येत नाही, आणि पैशावाचून डागडुजी होत नाही. उलट, पाहुण्यांच्या सोयीसाठी जे पाहावयाचे तेच बिघडविले, तर यावयाचे कशासाठी? या वादातून पुढे जो मार्ग निघाला तो बोलका आहे. बाहेरच्या उतारास हात न लावता, बुरुजाच्या आतच लाकडी मजला, अधांतरी जिने आणि माथ्यावर सज्जा उभारण्यात आला. त्याचा भार जुन्या भिंतींवर पडत नाही. चार खांबांवर तो स्वतंत्र उभा आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये बुरूज पुन्हा खुला झाला. ३३८ वर्षांपूर्वी आगीत गेलेले लाकूड अशा रीतीने परत आले, आणि या वेळी ते कोणालाही धाक दाखविण्यासाठी आलेले नाही.

यॉर्कच्या टेकाडाला अभिमानाचे स्मारक म्हणावे काय? जिंकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते सत्तेचे, ज्यांची घरे गेली त्यांच्या बाजूने पाहिले तर अन्यायाचे, आणि १६ मार्चला तेथे जमणाऱ्यांच्या दृष्टीने ते शोकाचे स्मारक आहे. त्याला सपाट करावे असा विचार एखाद्या विजयी पिढीने केला असता तर तो नैसर्गिकच ठरला असता. परंतु यॉर्ककरांनी १५९६ मध्ये ते मोडू दिले नाही आणि २०१८ मध्ये ते कोरू दिले नाही. जे सुखाचे आहे तेवढेच जपावयाचे म्हटले तर इतिहासाचे दप्तर फार लवकर रिकामे होईल. घरे पाडल्याची डूम्सडेची नोंद, जळक्या लाकडाचा थर आणि पायथ्याचा शिलापट्ट ही तिन्ही एकाच मातीशी बांधलेली आहेत. ती माती जागेवर आहे तोवर कागदावरचे शब्द खोटे ठरविणे कोणालाही सोपे जाणार नाही.